सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पुलावर मला झालं काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक, वय ३८. मे महिन्यात जळगावहून मोटरसायकलवर एकटे परत येत असताना तापीच्या पुलावर त्यांची छाती अचानक धडधडायला लागली. श्वास पुरेना, हाताची बोटं आखडली, ओठांना मुंग्या आल्या, समोरचा रस्ता खरा वाटेना. वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले. ‘आता आपलाही नंबर लागला’ एवढंच डोक्यात. लोकांनी दवाखान्यात पोचवलं तोवर बरंचसं ओसरलं होतं आणि ईसीजी नॉर्मल आला. त्यानंतर असे झटके लग्नाच्या मांडवात आले, सलूनच्या खुर्चीत आले, एकदा तर गाढ झोपेत. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), थायरॉइड, रक्त, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” आता ते पूल एकट्याने ओलांडत नाहीत, पत्नीला मागे बसवल्याशिवाय तालुक्यालाही जात नाहीत. खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयरोगात जिभेखाली ठेवायची, गोळी असते. मित्राने दिलेली अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी दोन महिने जवळजवळ रोज रात्री घेतात. आई म्हणते नजर लागली, काका म्हणतात बाहेरचं आहे, चुलतभाऊ म्हणतो मर्दासारखा मर्द आणि घाबरतो काय. त्यांचे प्रश्न असे: बाग निमबटाईने देऊन घरी बसू का? मुंबईला जाऊन अँजिओग्राफी करून घेऊ का? आणि शेवटी, “डॉक्टर काही नाही म्हणतात, मग मी नाटक करतो का? की मला वेड लागतंय?”

भाऊ,

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. बाग आत्ता देऊ नका आणि अँजिओग्राफीसाठी स्वतःहून मुंबई गाठू नका. का, ते सांगायला वेळ लागेल, कारण हे दोन्ही प्रश्न तुमच्या तिसऱ्या प्रश्नातून निघालेत.

तुम्ही नाटक करत नाही. वेडही लागत नाहीये. “काही नाही” म्हणताना डॉक्टरांना म्हणायचं होतं की हृदयाला रोग दिसत नाही. तुम्ही ऐकलंत ते असं की काही झालंच नाही. मग तुमच्यापुढे दोनच रस्ते उरले: एक तर मशीनला सापडत नाही असा काहीतरी भयंकर रोग आहे, नाही तर आपलंच मन कच्चं. तिसरा रस्ता तुम्हाला कोणी दाखवलाच नाही. ओपीडीत एका पेशंटला मिळणारा वेळ पाहता मी त्या डॉक्टरांना फार दोष देणार नाही, पण पाच मिनिटं जास्त दिली असती तर तुमचे पुढचे सगळे महिने वाचले असते हेही खरं. तुम्हाला जे होतं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. पत्रावरून निदान करायचं नसतं, ते तुम्हाला समोर बसवून डॉक्टरच करतील. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि नॉर्मल रिपोर्ट एकत्र ठेवले तर दुसरं नाव पटकन सुचत नाही.

तो दिवस परत मांडून बघू. आदल्या रात्री थ्री फेज लाइटची पाळी रात्रीची, म्हणून पहाटेपर्यंत तुम्ही मोटरपाशी. सकाळी न जेवता जळगाव. बँकेतलं पीककर्जाचं काम झालं नाही. चार-पाच चहा, तोंडात गुटखा. दुपारी दोनला ४४ अंशांचं ऊन डोक्यावर घेऊन परत निघालात. अशा वेळी कुठल्याही धडधाकट माणसाचं शरीर काय करत असेल? उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून हृदय आधीच जोरात पळत असतं. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन त्याला आणखी पिटाळतात. त्यात एखादा ठोका मागेपुढे पडतो. तो बहुतेकांचा पडतो आणि बहुतेकांना कळत नाही. तुम्हाला कळला. आणि तुम्ही कोण, तर ज्याने आपल्या बापाला छाती धरून खाली बसताना पाहिलंय तो मुलगा.

मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, बदामाच्या आकाराचा छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचं काम बागेतल्या जागल्यासारखं. रात्री पाचोळा वाजला की जागल्या आधी ओरडतो, मग बॅटरी मारून बघतो की रानडुक्कर आहे की नुसता वारा. उलट क्रमाने काम केलं तर तो कामाचा नाही. तुमच्या अमिग्डालाने त्या चुकल्या ठोक्याला आरोळी ठोकली. कपाळामागचा विचार करणारा मेंदू ‘थांब, बघू तरी’ म्हणेपर्यंत हुकूम खाली पोचलेलाही होता. हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या बुडख्यातून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातल्या नसांवाटे थेट हृदयाला, घामाच्या ग्रंथींना आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना गेला. त्या ग्रंथींनी रक्तात ॲड्रेनलिन सोडलं. हे सगळं काही सेकंदांत होतं.

पुढचं सगळं तुम्ही पत्रात लिहिलंय, फक्त त्याचा हिशोब लावला नाही. शरीराला आता पळायचं आहे किंवा भिडायचं आहे, म्हणून मांड्यांना आणि दंडांना रक्त हवं. हृदय पळतं ते त्यासाठी. ते रक्त काढलं जातं कातडीतून आणि आतड्यांतून, म्हणून मे महिन्याच्या उन्हात तुमचे हात थंडगार पडले, पोटात गोळा आला, संडासला लागल्यासारखं झालं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि ऊन आत घुसलं. लाळ आटली. बरगड्यांमधले स्नायू आवळले गेले आणि छाती दुखली. हे दुखणं खरं असतं, स्नायूंचं असतं.

श्वासाची गोष्ट सगळ्यात चकवणारी. तुम्हाला वाटत होतं हवा पुरत नाही, आणि दवाखान्यात बोटाला लावलेल्या मशीनने ऑक्सिजन ९९ दाखवला. तुम्ही मशीनवर संशय घेतलात. मशीन बरोबर होतं. झटक्यात माणूस भराभर आणि खोल श्वास ओढतो. ऑक्सिजन आधीच भरलेला असतो, त्यात भर पडायला जागा नसते. पण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. आपण त्याला घाण वायू समजतो, पण रक्ताची आम्लता तो सांभाळतो. तो उतरला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा हुळहुळ्या होतात. ओठांभोवतीच्या मुंग्या त्या, बोटं आखडून चोचीसारखी झाली तीही त्यामुळेच. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून चक्कर येते. रस्ता, पूल, माणसं काचेपलीकडे असल्यासारखी वाटतात त्यातही या आकसण्याचा हात असतो. वेडाचा संशय तुम्हाला इथेच आला ना? ज्याला खरोखर भ्रम होतो त्याला सहसा तो भ्रम वाटत नाही. तुम्हाला तर त्याच क्षणी कळत होतं की हे खरं वाटत नाहीये.

आणि तुम्ही पडलात नाही. चक्कर येऊनही बेशुद्ध झाला नाहीत, एकदाही नाही. बेशुद्ध पडायला रक्तदाब कोसळावा लागतो, पॅनिकमध्ये तो बहुतेक वेळा चढतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणारी मंडळी वेगळी, त्यांचा दाब खरंच उतरतो.

हा जोर टिकत नाही. ॲड्रेनलिन रक्तात काही मिनिटांत मोडतं. झटका साधारण १० मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात बहुतेक उतरतो, मागे थरथर आणि गळून गेल्यासारखं वाटणं ठेवून. दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्हाला बरं वाटलं ते यामुळे. झोपेतला झटकाही याच घरातला, त्याला वाईट स्वप्न पडावंच लागतं असं नाही.

जाता जाता एक गंमत सांगते, कारण ‘मी घाबरट आहे’ हे तुमच्या पत्रात बऱ्याचदा आलंय. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमिग्डाला निकामी झालेल्या तीन जणांना त्यांनी ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, म्हणजे तुमच्या झटक्याच्या उलट, इथे तो वायू कमी नाही तर खूप जास्त. त्यांतली एक बाई साप हातात घेऊनही न घाबरणारी म्हणून अभ्यासकांना माहीत होती. तिघांनाही पॅनिक अटॅक आला. म्हणजे जागल्या नसला तरी मेंदूत खोलवर गुदमरण्याची वेगळी घंटा आहे, आणि ती वाजली की धीटपणाचा काही उपयोग नसतो.

चुलतभावाला हवं तर हेही सांगा. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सैनिक धडधड, छातीत दुखणं, दम लागणं अशा तक्रारी घेऊन यायचे आणि हृदयात दोष सापडायचा नाही. जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. त्यातलं बरंच आजच्या पॅनिकशी जुळतं. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा सुमारे दुप्पट दिसतो, तरी आपल्याकडचे पुरुष तो ‘ॲसिडिटी’ किंवा ‘गॅस’ म्हणून किती वर्षं काढतात कोण जाणे.

आता मुद्द्याचं. पहिला झटका ऊन, जागरण, चहा, कर्ज आणि वडिलांची आठवण यांनी मिळून आणला असेल. पुढच्या झटक्यांना यातलं काहीच लागलं नाही. सलूनमध्ये ऊन नव्हतं. तिथे तुम्ही गळ्याभोवती कापड बांधून बसला होतात, पटकन उठता येणार नव्हतं आणि मनात आलं, ‘इथे झालं तर?’ त्या एका विचाराने ठोका वाढला, वाढलेला ठोका तुम्ही लगेच टिपलात, त्याचा अर्थ ‘आलाच’ असा लावलात, त्या अर्थाने आणखी ॲड्रेनलिन सुटलं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र १९८६ साली मांडलं. शरीरातल्या साध्या खुणांचा भयंकर अर्थ लावला जातो, भीतीने खुणा वाढतात, वाढलेल्या खुणा अर्थ पक्का करतात. तुम्ही दिवसातून कितीदा मनगट धरून नाडी मोजता ते लिहिलं नाहीत, पण मोजत असणार.

आणि तुमच्या उपायांनी हे चक्र बळकट केलंय. पुलाच्या अलीकडून गाडी वळवलीत की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो की वळलो म्हणून वाचलो. पत्नी मागे होती म्हणून वाचलो. गोळी खिशात होती म्हणून वाचलो. पूल तसाच उभा आहे आणि त्यावर तुम्हाला काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. बाग निमबटाईने देऊन घरी बसणं हा याच मालिकेतला सगळ्यात मोठा उपाय. एक-दोन महिने छान वाटेल. मग झटका ओसरीवर येईल. त्यानंतर तुम्ही काय सोडणार?

बटाईचा हिशोब वेगळा असेल तर तो वेगळा करा. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूजन्य रोगाने झाडं उपटावी लागली असतील, वादळात उभी बाग आडवी होण्याची धास्ती असेल, भाव पडला असेल, मजूर मिळत नसेल, तर बटाईचा विचार शहाणपणाचा असू शकतो. तो वहीपेन घेऊन करा, पत्नीला बरोबर बसवून करा, आणि झटके आटोक्यात आल्यावर करा. डोक्यावरचं कर्ज आणि रात्रीचं जागरण हे ओझं खरं आहे, कुठलाही मानसोपचार ते फेडणार नाही. रात्रीची पाळी भावाबरोबर किंवा सालदाराबरोबर वाटून घेता आली तर तेवढं आधी करा. अपुरी झोप या त्रासाला फार मोठं खतपाणी घालते.

हृदयाविषयीची तुमची शंका मी उडवून लावणार नाही. बाप ५२व्या वर्षी गेला ही नोंद महत्त्वाची आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघा, आणि हृदयाची खरी काळजी असेल तर गुटखा सोडा. खिशात एका बाजूला सॉर्बिट्रेट आणि दुसऱ्या बाजूला पुडी, हे काही पटत नाही. अँजिओग्राफीत मात्र धमनीतून नळी आत घालतात. ती कोणाला करायची हे हृदयरोगतज्ज्ञ लक्षणं आणि आधीच्या तपासण्या पाहून ठरवतात. टीएमटीत तुम्ही पट्ट्यावर जोरात चाललात, हृदय पुलावरच्याइतकंच पळवलंत, आणि तेव्हा छातीत दुखलं नाही, ईसीजीही बिघडला नाही. ही शंभर टक्के हमी नसली तरी थोडीथोडकी साक्ष नाही. शिवाय तुम्हीच लिहिलंय की टू-डी इको नॉर्मल आल्यावर आठ दिवस निवांत झोपलात, नवव्या दिवशी मनात आलं की मशीन जुनं असेल तर? अँजिओग्राफीचे आठ दिवसही असेच सरतील. तपासणीने मिळणारा दिलासा या त्रासात टिकत नाही.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी इथे थांबून सांगायला हवं. पहिल्यांदा असं झालं तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढाच. चढावर, पायऱ्यांवर, नांगरताना छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर कमी होतो, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जातं, बरोबर उलटी किंवा थंड घाम असतो, १५ मिनिटांत उतरत नाही, माणूस खरोखर बेशुद्ध पडतो, अशांपैकी काही असेल तर १०८ला फोन करा. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू आणि बटण दाबल्यासारखी बंद होत असेल तर हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो, तो वेगळ्या तपासणीत सापडतो. थायरॉइड, रक्त कमी असणं, साखर उतरणं, दम्याची औषधं, दारू अचानक सोडणं यांतूनही हुबेहूब असंच होतं.

आपल्याकडच्या उन्हाचं तर स्वतंत्र सांगायला हवं. चैत्र-वैशाखात जीव कासावीस होणं, तगमग, धडधड हे खानदेशात कोणाला चुकलंय? ज्याला एकदा पॅनिक येऊन गेला त्याच्या मेंदूला ही तगमग झटक्याची चाहूल वाटते. माझ्याकडे अशी पत्रं उन्हाळ्यात वाढतात ती उगाच नाही. पण ऊन लागणं हा जीवघेणा प्रकारही खराच आहे. अंग तापलेलं, उलट्या, बोलणं असंबद्ध, तोल जाणं, असं दिसलं तर ते पॅनिक समजून श्वास मोजत बसू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

सॉर्बिट्रेटचं काय करायचं? ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. हृदयरोग नसताना ती जिभेखाली ठेवली तर रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं, चक्कर येते आणि उतरलेला दाब सावरायला हृदय आणखी जोरात पळतं. म्हणजे ज्या धडधडीला घाबरून गोळी घेणार तीच धडधड गोळी वाढवणार. मोबाइलवर फिरणारे ‘प्रत्येकाच्या खिशात असायलाच हवी’ असे निरोप वाचून किती घरांत ही गोळी आली असेल! तुमच्या डॉक्टरांनी ती लिहून दिलेली नसेल तर त्यांना तसं सांगा आणि खिशातून काढा.

झटका आला की काय करायचं? गाडीवर असाल तर बाजूला घेऊन उतरा, सावली बघा. तिथून पळ मात्र काढू नका. नाडी धरू नका. श्वास नाकाने हळू, चार आकडे मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. खोल ओढायची गरज नाही, लांब सोडायची आहे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका, दमा किंवा हृदयाचं दुखणं असलं तर तो अंगाशी येतो. आणि हेही लक्षात असू द्या की श्वास मोजणं म्हणजे झटका थांबवायचं बटण नाही, नाहीतर उद्या ‘श्वास मोजला म्हणून वाचलो’ अशी नवीन गोळी तयार होईल. मनात म्हणायचं ते एवढंच की ॲड्रेनलिन आलंय, टोकाला जाऊ दे, उतरेल. तुमच्या बोलीत म्हणा हवं तर. झटक्याशी कुस्ती खेळायला गेलं की तो लांबतो.

खरं काम दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत असतं. संज्ञानात्मक वर्तनोपचारात, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, मुद्दाम त्याच खुणा अंगात आणायला लावतात. एक मिनिट भराभर श्वास घ्या, जागच्या जागी पळा, गोल फिरा, बारीक नळीतून श्वास घ्या. धडधड, चक्कर, मुंग्या येतात, आणि काही न करता त्या जातात. हे पाच-पंचवीस वेळा झालं की मेंदूचा अर्थ बदलायला लागतो. तुमचं हृदय तपासून झालंय, तरी डॉक्टरांना विचारून सुरू करा. ज्यांना दमा, फिट, हृदयविकार किंवा पोटात बाळ आहे त्यांनी हे घरी करू नये. पुलाचंही असंच. आधी पत्नीला मागे बसवून, मग तिला पुलाच्या पलीकडे थांबवून, मग ती घरी आणि तुम्ही सकाळच्या गारव्यात एकटे, मग दुपारी. प्रत्येक पायरीवर अस्वस्थ वाटेल. वाटू द्या, आणि ते उतरेपर्यंत तिथेच थांबा. पुलावर गाडी उभी करायची नाही, अलीकडे-पलीकडे थांबायला जागा आहे.

पत्नीला हा भाग वाचायला द्या. झटक्यात “टेन्शन घेऊ नका” म्हणून उपयोग होत नाही, आणि लगेच “चला घरी” म्हटल्याने नुकसान होतं. जवळ बसायचं, कमी बोलायचं, “उतरेल, मी आहे” एवढं पुरे. हळूहळू तुम्हाला एकटं सोडणं हेही तिचं कामच आहे, आणि ते तिला जड जाणार आहे.

आईशी वाद घालू नका. “काय व्हयनं रे भाऊ तुले” म्हणत ती मीठ-मिरच्या ओवाळते त्यात माया आहे, अपाय नाही. कानबाईला रोट करायचा नवस बोलली असेल तर बोलू द्या. पण कानबाई बसणार श्रावणात, तोवर उपचार थांबवायचे नाहीत. काका ज्या भगताकडे न्यायचं म्हणतात तिथे मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं असलं काही असेल तर जाऊच नका. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

औषधाचं बोलू. अल्प्राझोलाम लवकर आराम देते, म्हणूनच ती सुटत नाही. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, तेवढ्याच गोळीने भागेनासं होतं, आणि एकदम बंद केली तर झोप उडते, थरथर सुटते, झटके दुपटीने येतात, क्वचित फिटही येते. म्हणून हे वाचून आज रात्रीच फेकून देऊ नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करायची असते. तोवर दारूबरोबर अजिबात नाही, आणि पेंग असेल तेव्हा गाडी चालवायची नाही. पॅनिकसाठी सहसा एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं देतात. त्यांची सवय अल्प्राझोलामसारखी लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते. बरेच लोक नेमकी तिथेच गोळी बंद करतात आणि ‘मला औषध सोसत नाही’ असं ठरवून टाकतात. बरं वाटायला लागल्यावरही हे औषध काही महिने, बहुधा वर्षभर चालतं. मग तेही डॉक्टरांना विचारूनच हळूहळू बंद करायचं.

पत्रात एक ओळ आहे, “असं जगण्यापेक्षा…” आणि पुढे टिंबं. ती मी वाचलीय. तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, असं मी सरळ विचारते. येत असेल तर आजच पत्नीला किंवा भावाला सांगा, फवारणीची औषधं घरातून दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. हा केंद्र सरकारचा फोन आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. असा विचार येत नसला तरी कुठे जायचं, काय विचारायचं हे कळायला हाच नंबर उपयोगी.

समोरासमोर दाखवायला जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. चोपड्याहून जळगावला जायचं तर पूल लागणारच, तेव्हा पहिल्या खेपेला पत्नीला खुशाल घेऊन जा. जाताना सगळे जुने रिपोर्ट न्या, म्हणजे त्याच तपासण्या परत होणार नाहीत. एका कागदावर लिहून न्या की झटका कुठे आला, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, किती वेळ टिकला, आणि भीतीपायी तुम्ही काय काय करणं सोडलंत. चहा, गुटखा आणि संध्याकाळी काही घेत असाल तर तेही खरं लिहा. अल्प्राझोलामची पट्टी बरोबर ठेवा, तिच्यावर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा, आणि ती मित्राकडून घेतली हे सांगायला लाजू नका. गोळी किती टप्प्यांत उतरवायची हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.